भूत : एक जुनं माणूस

भूत हे आमच्या वऱ्हाडातलं जुनं माणूस आहे. धामणगावाच्या नावामागे 'रेल्वे' लागली त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथं राहतं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, त्या वाटेवर आमचं स्टेशन आलं, स्टेशनाभोवती कापसाचा बाजार आला, जिनिंग आली, अडते आले. यवतमाळचा माणूस मोठी गाडी पकडायला इथंच येऊ लागला. भूत मात्र स्टेशनाकडे कधी फिरकलं नाही. गर्दी त्याला मानवत नाही. पांधणीच्या वळणावरची चिंच, बुजलेली विहीर, नाल्याकाठचा पिंपळ, मसणवटीकडे वळणारी वाट, ही त्याची राहण्याची ठिकाणं. गाव वाढलं, ले-आऊट पडले, तसतसं तेही हद्दीबरोबर मागं सरकत गेलं. कोणत्याही गावाची खरी वेस कुठं आहे हे कळून घ्यायचं असेल, तर म्हाताऱ्या माणसांना भुताची जागा विचारावी.

दिसायला कसं? याचं उत्तर प्रत्येक घरात थोडं वेगळं मिळतं, पण काही खुणांवर सगळ्यांचं एकमत असतं. त्याचे पाय उलटे. त्याची सावली पडत नाही. ते नाकात बोलतं. वाटेत भेटलं तर तंबाखू मागतं, चुना मागतं, पण आगकाडी ओढली की दिसेनासं होतं. मागून हाक मारतं, म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मागं वळून पाहायचं नाही. फिरायच्या त्याच्या वेळा दोन, रात्रीचे बारा आणि दुपारचे बारा. रात्रीचं समजू शकतं, पण दुपारचं ज्याला नवल वाटेल त्यानं वऱ्हाडातला मे महिना पाहिलेला नाही. भर बाराच्या उन्हात नांगरलेल्या काळ्या रानातून चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय काय हलतं, ते चाललेल्यालाच ठाऊक. ऊन लागणं आणि भूत लागणं या दोहोंत आमच्याकडे फार अंतर कधीच नव्हतं.

दिवेलागणीनंतर त्याचं नाव घेत नाहीत. घरात कुणी तापानं बडबडलं, जेवेनासं झालं, एकटक बघत बसलं, की बाया आवाज उतरवून बोलतात, "पोरीले बाहेरचं झालं वाटते. मांगच्या अवसेले चिचेखालून आली होती ते." बाहेरचं. एवढ्या एका शब्दात सगळं येतं. घर आत, भूत बाहेर, आणि मध्ये उंबरठा. मग मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या, मिरचीचा ठसका आला नाही तर नजर जबर होती असं समजायचं. त्यानं भागलं नाही तर उतारा. अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी तिवठ्यावर तो दिसतो. पत्रावळीवर दहीभात, त्यावर गुलाल, चिरून कुंकू भरलेलं लिंबू, एखादं अंडं, काळा बिबा. सायकलवाला त्याला वळसा घालून जातो, ऑटोवाला चाक वाचवतो. थोड्या वेळानं गावातलं कुत्रं येतं आणि दहीभात खाऊन जातं. हे कुत्रं ध्यानात असू द्या, त्याचं पुढं काम आहे.

भुताचा गोतावळा मोठा आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याचं घर पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पाण्यात आसरा, माळावर झोटिंग, वाड्यात ब्रह्मसमंध, आणि सगळ्यांच्या वर वेताळ. जरा निरखून पाहिलं तर ही सारी अकाली गेलेली माणसं आहेत. ज्यांचं राहून गेलं, ज्यांना कुणी नीट रडलं नाही, ती. ज्या काळात बाळंतपणात बाया आणि तापात पोरं सर्रास जात, त्या काळानं आपलं दुःख या नावांखाली सांभाळून ठेवलं. म्हणून हडळीची गोष्ट हसण्यावारी नेणं मला जमत नाही. तिच्यामागे एक खरी बाई असते, दवाखान्यापर्यंत न पोचलेली.

या गोतात शेतकऱ्याशी सर्वांत जवळची सलगी चकव्याची. चकवा मारत नाही, धरत नाही, झपाटत नाही. तो फक्त वाट विसरायला लावतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असतं, शेतातली लाईन रात्री येते, माणूस बॅटरी घेऊन एकटा निघतो. वाट पायाखालची, जन्माची. तरी मध्येच कुठंतरी धुऱ्यामागून धुरे येत राहतात, विहीर येत नाही, आणि तासाभरानं तो पुन्हा त्याच बाभळीपाशी उभा असतो. "चकवा लागला." उपायही ठरलेला, खाली बसायचं, चप्पल उलटी घालायची, तांबडं फुटेस्तोवर हलायचं नाही.

या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही, कारण तो खोटा नाही. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा उपग्रहाच्या साहाय्यानं नोंदवल्या, काहींच्या जर्मनीतल्या जंगलात, काहींच्या सहाराच्या वाळवंटात. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की ती वळू लागली आणि स्वतःच्याच वाटेला छेदून परत आली. डोळे बांधलेली माणसं तर अवघ्या वीस मीटरांच्या आसपासच्या फेऱ्यात फिरत राहिली, आणि आपण सरळच चालतो आहोत अशी त्यांची खात्री होती. बाहेरची खूण नसली तर माणसाच्या अंगातला 'सरळ' हळूहळू ढळतो. चकव्याबद्दल सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त चकवा कुणी नव्हता. आणि त्याचा उपायही बरोबरच होता. खाली बसून उजाडायची वाट पाहणं, हाच त्यावर शहाणपणाचा इलाज आहे.

आता या माणसाचं कुळ. बाहेरचं म्हणून ज्याला आपण उंबरठ्यापलीकडे ठेवलं, ते घराण्यानं फार मोठं आहे. 'भू' म्हणजे होणं, असणं. भूत म्हणजे जे झालं, जे आहे, ते. एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यात भीती नाही, वाईटपणा नाही, रात्रही नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच महाभूतं. कीड-मुंगीपासून माणसापर्यंत जीव धरून असलेलं सगळं भूतमात्र. होऊन गेलेला काळ भूतकाळ. शंकर भूतनाथ, म्हणजे साऱ्या असलेल्यांचा नाथ. 'भू' या धातूचं गोत तर हिंदुस्थानाबाहेरही पसरलेलं. इंग्रजीतलं 'बी' हे असण्याचं क्रियापद, ग्रीकांचा निसर्गवाचक 'फ्युसिस' आणि त्यावरून आलेलं फिजिक्स, लॅटिनमधून आलेलं 'फ्युचर', ही सगळी याच मुळाची पालवी. आपण ज्याला भूतकाळ म्हणतो आणि इंग्रज ज्याला फ्युचर म्हणतो, ते दोघं सख्खे भाऊबंद निघतात. आपलं साधं 'होणे'सुद्धा याच घरातलं.

आणि हे कुळ अजून मोडलेलं नाही. रात्री चिंचेवर असलेलं हे माणूस दिवसा अगदी नेमानं कामावर जातं. सकाळी वर्तमानपत्र उघडा. अपघाताला खड्डा कारणीभूत ठरलेला असतो. नगरपरिषदेकडे मूलभूत सोयींची मागणी झालेली असते. कुणी भूतपूर्व आमदार सत्कारमूर्ती असतो. कुणाच्या अंगभूत गुणांचं कौतुक, कुणाचं भस्मीभूत घर, धुक्यात घनीभूत झालेली थंडी. सगळीकडे ते हजर, आणि कुणाला त्याचं भय वाटत नाही. तोच शब्द सुटा, एकटा, संध्याकाळनंतर उच्चारला की आजी गप्प करते. शब्दाला भीती नसते. तो कुठं, कधी आणि किती एकटा सापडतो यावर त्याचं भेसूर होणं ठरतं. माणसाचंही तसंच होतं, हे पुढं येईलच.

रोजच्या पाच यज्ञांमध्ये भूतयज्ञ सांगितला आहे. जेवणाआधी अन्नाचा एक वाटा कुत्र्याला, कावळ्याला, किड्यामुंग्यांना काढून ठेवायचा, कारण तीही भूतंच. तिवठ्यावरचा दहीभात खाणारं ते कुत्रं मी मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं, ते यासाठी. ठेवणारी बाई तो भात भुतासाठी ठेवते आणि खातं ते भुकेलं भूतच. फक्त ते उलट्या पायांचं नसतं, खरूज झालेलं असतं. मला तर वाटतं, उतारा म्हणजे भूतयज्ञाचाच घाबरलेला वंशज असावा. देणं तेच राहिलं, देण्यामागचा जिव्हाळा गेला आणि तिथं धाक येऊन बसला.

हा धाक काही एका दिवसात आलेला नाही. आठव्या शतकातला भवभूती आपल्या विदर्भातला, पद्मपूरचा. त्याच्या 'मालतीमाधव' नाटकात हताश झालेला माधव रात्री मसणात जातो आणि भुतापिशाचांना माणसाचं मांस विकत घ्या म्हणून साद घालतो. इतकं भीषण स्मशान संस्कृत नाटकात दुसरं सापडणं कठीण. म्हणजे भूतमात्र आणि मसणातलं भूत, ही दोन्ही बिऱ्हाडं तेव्हाही एका नावानं शेजारी शेजारी नांदत होती.

त्याहून मला प्रिय आहे गुणाढ्याची कथा. सातवाहनाच्या दरबारातला, प्रतिष्ठानचा म्हणजे आपल्या पैठणचा हा पंडित. पैज हरला आणि बोललेल्या शब्दाला जागून त्यानं संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडल्या. विंध्याच्या रानात त्याला काणभूती नावाचा पिशाच भेटला. त्या पिशाचानं आपल्या भाषेत त्याला कथा सांगितल्या आणि गुणाढ्यानं त्या स्वतःच्या रक्तानं लिहिल्या. तीच बृहत्कथा. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं ती भूतभाषेत असल्याचं म्हटलं आहे. राजानं रक्तानं लिहिलेलं, पिशाचांच्या भाषेतलं ते बाड हेटाळून परत पाठवलं. तेव्हा गुणाढ्य एक एक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. हरणं, डुकरं, रेडे चरणं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. राजा धावत आला तोवर सातातले सहा भाग जळून गेले होते. गुणाढ्याची ही कथा सोमदेव कवीनं काश्मिरात सांगितली, पण तिचं मूळ गोदाकाठचं. भूतानं सांगावं आणि भूतमात्रानं ऐकावं, दोन्ही अर्थ एकाच गोष्टीत इतके जवळ बसलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

आणि मग १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटच्या मागण्यात ज्ञानदेवांनी भूतांची परस्परांशी मैत्री मागितली. शाळेत ते पसायदान रोज म्हणणारं पोर एक दिवस हमखास विचारतं, भुतांची मैत्री कशाला मागायची? मास्तरांनी या प्रश्नाला हसू नये. मराठीतला एक फार मोठा प्रश्न त्या पोरानं विचारलेला असतो.

या माणसाचा एक दूरचा चुलतभाऊ आहे, इंग्रजीतला डेमन. दोघांचं नशीब इतकं सारखं की एकाची कुंडली दुसऱ्याला चालावी. ग्रीकांचा दाइमोन हाही आरंभी वाईट नव्हता. देव आणि माणूस यांच्या मधलं, नशिबाचा वाटा देणारं काहीतरी, एवढंच तो होता. चांगला दाइमोन लाभणं म्हणजे सुखी असणं, म्हणून सुखाला ग्रीक भाषेत शब्दच पडला 'युदाइमोनिया', आणि ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्राच्या मध्यभागी तो बसवला. सॉक्रेटिस सांगायचा, की लहानपणापासून मला आतून एक आवाज येतो, तो काही करायला सांगत नाही, फक्त चुकीचं करताना अडवतो. त्या आवाजाला तो 'दाइमोनियॉन' म्हणे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याच्यावर जो खटला चालला, त्यात नगराचे देव सोडून नवी दैवतं आणल्याचा आरोप होता आणि त्या आरोपात हाच शब्द होता. पुढं यहुदी धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरवताना परक्यांच्या देवांसाठी तो वापरला गेला, ख्रिस्ती धर्मानं तीच वाट पुढं नेली, आणि दाइमोन सैतानाच्या गोटात जमा झाला. परक्यांचा देव तो आपला राक्षस. हे सगळीकडे घडतं. इराण्यांच्या अवेस्तात अहुर थोर आणि दएव दुष्ट, आपल्याकडे देव थोर आणि असुर दुष्ट. शब्द तेच, फक्त कुंपणाची बाजू बदलली.

पुढं मिशनरी मराठीत आले, १८११ साली श्रीरामपूरहून विल्यम केरींचा मराठी नवा करार निघाला. मराठी बायबल वाचताना आज 'भूतग्रस्त' आणि 'भुते काढणे' हे शब्द भेटतात. दाइमोनियॉन आणि भूत, दोन्ही चांगल्या घरची, दोन्ही घसरलेली, त्या पानांवर एकमेकांना भेटली. डेमनला निदान दिवसाची एक नोकरी परत मिळाली आहे. एमआयटीतल्या संगणकतज्ज्ञांनी १९६३ च्या सुमारास पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रणालीला ते नाव दिलं. चुकीच्या पत्त्यावर ई-मेल गेला की 'मेलर-डेमन' तो परत आणून देतो, तो हाच.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. भाषाशास्त्रज्ञ दाइमोनचं मूळ ज्या धातूपाशी नेतात त्याचा अर्थ वाटणं, वाटा देणं. संस्कृतात त्याच मुळाचा धातू वाटा देतो आणि त्यातूनच कळवळतोही. त्यापासून आपला शब्द झाला दया. म्हणजे भूतदया या आपल्या रोजच्या शब्दात, ज्यांना दोन संस्कृतींनी वाईट ठरवलं त्या दोघांची मुळं हातात हात घालून उभी आहेत. एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली ती भूतदया. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीनं, म्हणजे गाडगेबाबांनी, मुलीच्या बारशाला मटण-दारूचा रिवाज मोडला आणि पुढं आयुष्यभर हातात खराटा घेऊन कीर्तनात विचारत राहिले, की बकऱ्याचा जीव घेऊन कोणता देव खूश होतो, ती भूतदया. भुताखेताला, नवसाला, अंगाऱ्या-धुपाऱ्याला झोडपणारा माणूस आणि भूतमात्राला जपणारा माणूस एकच होता. त्यात विसंगती नाही. ते एकच काम आहे.

कारण भुताचं सर्वांत वाईट रूप चिंचेवर नसतं. ते माणसावर लादलेलं असतं.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. 'बाहेरचं झालं' या बोलण्यानं पिढ्यान् पिढ्या काही माणसांना आसराही दिला. 'वेड लागलं' म्हटलं की डाग लागतो, पोरीचं लग्न अडतं. 'बाहेरचं झालं' म्हटलं की दोष चिंचेचा. सासऱ्यापुढे मान वर न करणारी सून अंगात आल्यावर त्याच सासऱ्याला अरेतुरे करते, सगळं घर हात जोडून ऐकतं, आणि वर्षानुवर्षं साचलेलं तिचं तिनं नाही, भुतानं बोललेलं असतं. तिला दुसरं कोणतं व्यासपीठ होतं? बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास जत्रा भरते, नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान सगळ्या घरची माणसं आपल्या दुखणाइताला घेऊन जातात. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्यांच्या तालुक्यात मनाचा डॉक्टर आहे का, हे विचारणं अवघड आहे.

पण आसरा आणि सापळा यांत अंतर थोडं असतं. भूत आहे असं एकदा ठरलं की ते काढावं लागतं, आणि काढणारा बसलेलाच असतो. मग मिरचीची धुरी, केस ओढणं, वेताच्या छडीचे वळ. मार भुताला, वळ बाईच्या अंगावर. आमच्याच जिल्ह्याच्या डोक्यावर मेळघाट आहे. तिथं पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची रीत आहे, डंबा म्हणतात त्याला, आणि ती अजून पुरती थांबलेली नाही. गावाचा मांत्रिक-वैदू असलेल्या भूमकालाच विश्वासात घेऊन लेकरू दवाखान्यात पाठवायचे प्रयत्न तिथं झाले, ते मला योग्य वाटतात. ज्याच्या शब्दाला गाव मान देतं त्याच्याच तोंडून दवाखान्याचं नाव आलं पाहिजे. आणि तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका आश्रयशाळेला आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. बाहेरच्या कोणत्याही भुतानं आजवर एवढी माणसं एका रात्रीत नेल्याची गोष्ट मी ऐकलेली नाही.

दुखणं माणसाचं असतं, भुताचं नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कळत नव्हती असंही नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या आहे, म्हणजे मनाच्या दुखण्याला वैद्यकात घर होतं. आणि चरकसंहितेच्या उन्मादनिदानात स्पष्ट सांगितलं आहे, की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस आपणहून कुणाला पीडत नाहीत, दुखण्याचं मूळ माणसाच्या आपल्याच बुद्धीच्या चुकीत, प्रज्ञापराधात असतं, आणि म्हणून दोष देवा-राक्षसांना देऊ नये. इतकं लख्ख सांगितलेलं असूनही आपण पुन्हा चिंचेखाली गेलो.

नागपुरातून श्याम मानवांनी १९८२ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं केलं, भानामतीच्या गावांत जाऊन ती करणारा हात कुणाचा हे लोकांसमोर दाखवलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं लढले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला, वर्षअखेर कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत भूत शब्द आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्यानं कुणाला दोरानं वा साखळीनं बांधणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, हा गुन्हा आहे. एखाद्याला करणी करणारा, भूत लावणारा म्हणून बदनाम करणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला साफ मनाई केली आहे, मग ते घर असो, दर्गा असो की मठ.

नीट वाचलं तर या कायद्यानं भुतावर खटला भरलेला नाही. तुम्ही चिंचेखाली नारळ ठेवा, मुंज्याला दिवा लावा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मारबतीबरोबर ईडा-पीडा गावाबाहेर धाडा, त्याबद्दल कुणी तुम्हाला विचारणार नाही. कायदा फक्त एवढंच म्हणतो, की भुताच्या नावानं माणसाला हात लावायचा नाही. त्या जुन्या माणसाच्या मूळ स्वभावाला हे धरूनच आहे असं मी मानतो.

म्हणून धामणगावात, चांदूरात, तिवस्यात, कुठंही हे वाचणाऱ्याला माझं एक कळकळीचं सांगणं आहे. घरात कुणी रात्र-रात्र झोपत नसेल, एकटंच बोलत असेल, नसलेल्या हाका ऐकत असेल, बाळंतपणानंतर लेकराकडे पाहत नसेल, तर मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण सकाळी पहिल्या गाडीनं त्या माणसाला दवाखान्यात न्या. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात न्या, नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्या. तेवढंही लगेच जमत नसेल तर १४४१६ हा नंबर फिरवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्री बारालाही कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलतं.